रंग कोण ठरवतं, पैसे कोण मोजतं

नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडच्या योरुबा मुलुखात शनिवार हा समारंभांचा वार. लागोस असो, इबादान असो की अबेओकुटा. लग्न, साठी, नव्या घराची वास्तू, नाहीतर भरल्या वयात गेलेल्या आजीचं दफन, असं काही ना काही त्या दिवशी असतंच. मांडवात नजर टाकली की आधी माणसं दिसत नाहीत, रंग दिसतात. वधूकडच्या सगळ्या बायका मोरपिशी, वराकडच्या शेंदरी, वधूच्या मैत्रिणींचा घोळका फिकट गुलाबी, आईच्या चर्चमधल्या बायका आणखी वेगळ्याच रंगात. सगळ्यांच्या डोक्याला कडक, उंच बांधलेला फेटा. या एकसारख्या कापडाला 'अशो-एबी' म्हणतात. अशो म्हणजे कापड आणि एबी म्हणजे कुटुंब. मैत्रिणींनी मिळून घेतलेल्या सारख्या कापडाला आणखी एक गमतीचा शब्द आहे, 'आंको'. दुकानांच्या इंग्रजी पाट्यांवर 'अमुक अँड कंपनी' असं लिहिलेलं असतं ना, त्यातल्या 'अँड को'वरून तो आला असं सांगतात. आम्ही सगळ्या एकाच कंपनीच्या!

या प्रथेवर टीका करणारे त्या देशात पुष्कळ आहेत. धर्मोपदेशक करतात, वर्तमानपत्रांतले स्तंभलेखक करतात, बायकोच्या कपाटाकडे बघून नवरेही करतात. बायकांना मिरवायची हौस, घरात धान्य नसेल पण शनिवारी नवं कापड हवं, असा त्या टीकेचा सूर असतो. ही भाषा आपल्याला परकी नाही. समारंभ दोन घराण्यांचा, आमंत्रणं घराण्याच्या नावानं, प्रतिष्ठा घराण्याची. उधळपट्टी तेवढी बाईची. मला वाटतं, अशो-एबीकडे बायकांची हौस म्हणून पाहिलं की खरा प्रश्न नजरेआड होतो. रंग आणि कापड ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, आणि त्या निवडीचे पैसे कोणाच्या कनवटीतून जातात, हा तो प्रश्न आहे.

हे समजायला आधी व्यवहार समजून घ्यायला हवा. आपल्याकडे आहेराची साडी यजमान देतात, पाहुणी घेते. अशो-एबीचं बरोबर उलट आहे. कार्य ज्यांच्या घरी आहे ते कापड ठरवतात, भाव सांगतात, आणि पाहुणी ते विकत घेते. मग शिंपिणीकडे जाते, शिलाई देते, फेट्याचं कापड घेते, जमलं तर त्याला साजेशी पर्स आणि चपला घेते, मेकअप आणि फेटा बांधून देणारीला पैसे देते, आणि कार्याला हजर होते. लेस असेल तर साधारण ५ वार, छापील अंकारा असेल तर ६ वार असा हिशेब असतो. कित्येकदा घाऊक भावात घेतलेलं कापड थोडं चढ्या भावानं विकून यजमान कार्याच्या खर्चाला हातभार लावून घेतात. जिला अख्खा संच परवडत नाही तिनं निदान फेट्याचं कापड घ्यावं, अशीही सोय असते. ज्यांनी घेतलं त्यांना पुढची टेबलं, गरम जेवण, जाताना भेटवस्तू. ज्यांनी घेतलं नाही त्यांची दखल उशिरा घेतली जाते, हेही सर्रास घडतं. माणसाच्या आधी कापडाला नमस्कार होतो, अशा अर्थाची एक म्हण योरुबा भाषेत आहे. ती उगाच नसणार.

मग बायका हे का करतात? नुसत्या भिडेपोटी? माझ्याबरोबर समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी लागोसची एक मैत्रीण होती. वर्गात कुणी तरी हाच प्रश्न तिला जरा तुच्छतेनं विचारला. ती म्हणाली, "माझ्या आईचं दुकान जळालं तेव्हा बँक आली नाही. ज्या बायकांच्या लग्नांत, बारशांत तिनं कापड घेतलं होतं त्या आल्या." याहून जास्त ती काही बोलली नाही. पण तिच्या त्या दोन वाक्यांत अशो-एबीचं अर्ध मर्म आहे.

योरुबा नवरा-बायकोचा पैसा बहुधा वेगळा असतो. बाईनं बाजारात व्यापार करावा, स्वतःचं भांडवल उभं करावं, हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. नवऱ्याच्या मिळकतीवर तिचा भरवसा कमी, आणि तिच्या गल्ल्यावर त्याचा हक्कही कमी. हे ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ असाही होतो की मुलांचा दवाखाना, माहेरची अडीनडी, धंद्यातली खोट हे बरंचसं तिचं तिलाच निस्तरायचं असतं. म्हणून बायकांनी आपापले आधार बांधले. आपल्या भिशीसारखीच 'एसुसु' योरुबा मुलुखात फार जुनी आहे. विल्यम बॅस्कम या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये तिच्यावर लेख लिहून ती जगासमोर मांडली. 'आजो' हा तिचाच भाऊबंद. बाजारात रोज फिरून प्रत्येकीकडून थोडे थोडे पैसे गोळा करणारा आणि महिनाअखेर परत देणारा माणूस, त्याला 'आलाजो' म्हणतात. अशो-एबीचे पैसे बऱ्याच जणी या आजोतूनच काढतात. आणि नीट पाहिलं तर अशो-एबी स्वतःच एक भिशी आहे. आज मी तुझं कापड घेतलं, उद्या तू माझं घेशील. कुणी कुणाचं घेतलं नाही हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं, पण विसरतही कुणी नाही. माणसं हेच माझं वस्त्र, असंही योरुबा म्हणतात. आधीच्या म्हणीशेजारी ही म्हण ठेवून पाहा. एक कापडाला माणसाच्या वर बसवते, दुसरी माणसालाच कापड म्हणते. दोन्ही एकाच बाजारात, एकाच तोंडी चालतात.

म्हणून मी अशो-एबी बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूची नाही. ज्या बाईला विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, तिच्या हातातला हा आधार काढून घेऊन तिला साधेपणाचं प्रवचन द्यायचं, यात मला शहाणपण दिसत नाही. (आणि साधेपणाही काही फुकट नसतो. आपल्या मोर्च्यांना, परिषदांना सगळ्याच जणी हातमागाच्या साड्यांत दिसतात, तीही एका परीनं अशो-एबीच. तिचाही भाव ज्यांना परवडत नाही त्या कडेलाच उभ्या असतात.) पण भिशीचा एक नियम आहे. हप्ता किती, हे सगळ्या मिळून ठरवतात. अशो-एबीत हप्ता एकटी ठरवते आणि बाकीच्या भरतात.

कोण असते ही एकटी? बहुधा वधूची आई, कधी वधू स्वतः, कधी घरातली वयानं थोरली बाई. योरुबा घरात वडीलकीला फार महत्त्व. ओयेरोंके ओयेवुमी या विदुषीनं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तर असं मांडलं की वसाहतीच्या आधीच्या योरुबा समाजाची रचना स्त्री आणि पुरुष अशी नव्हतीच, ती धाकटे आणि थोरले अशी होती. बाई ही कोटी पाश्चात्त्यांनी आणली. या मांडणीवर त्यांच्याच मुलुखातल्या अभ्यासक बायकांनी पुष्कळ वाद घातला. मला त्यातली एक गोष्ट विचार करायला लावते. घरात लग्न करून आलेली सून, 'इयावो इले', ही त्या घरात जन्मलेल्या पोरापेक्षाही धाकटी मानली जाते, कारण ते पोर तिच्या आधीपासून घरात आहे. म्हणजे वडीलकीची शिडी सगळ्यांना सारखी असली, तरी लग्न झालं की खालच्या पायरीवर जाऊन उभी राहते ती बाईच. पुरुष लग्नानंतर आपल्याच घरात राहतो, त्याची पायरी हलत नाही. घरात कार्य असलं की या सुना मिळून रांधतात, वाढतात, नणंदांचं आदरानं स्वागत करतात, आणि सुनांचंही एक वेगळं सारखं कापड असतं. मांडवातल्या त्या सुरेख रंगांच्या पट्ट्या म्हणजे नुसती शोभा नाही. कोण लेक, कोण सून, कोण आईच्या बाजूची, कोण नुसती ओळखीची, हे सगळं त्या रंगांत लिहिलेलं असतं. सुनेला आपल्या कापडाबद्दल कुणी विचारत नाही. तिला कळवलं जातं.

रंग ठरतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. जुन्या योरुबा भाषेत रंगांची मुख्य नावं तीनच: फुनफुन म्हणजे पांढरा आणि त्याच्या जवळचे थंड रंग, पुपा म्हणजे तांबडा, आणि त्यात पिवळा, केशरीही आला, दुदू म्हणजे काळा, आणि गडद निळा, हिरवाही त्यातच. हातमागावरच्या मानाच्या कापडाचे, म्हणजे 'अशो-ओके'चे, तीन नामांकित प्रकारही साधारण याच तीन घरांत बसतात. रानातल्या रेशमी किड्याच्या सुताचं मातकट-भुरकट 'सान्यान', लाल 'अलारी' आणि निळीत बुडवून काळपट केलेलं 'एतू'. हाताच्या पंजाएवढ्या रुंदीच्या लांब पट्ट्या विणायच्या आणि त्या कडेला कड लावून शिवायच्या. इशेयिन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. या अरुंद मागावर पुरुष बसायचे. बायका घरात उभ्या मागावर रुंद कापड विणायच्या. बाजारात नाव झालं ते अरुंद मागाचं, हे वेगळं सांगायला नको.

आता मात्र तीन रंगांनी भागत नाही. कांद्याच्या सालीचा गुलाबी, लिंबाचा हिरवा, वाइनचा लाल, शॅम्पेनचा सोनेरी, अशी रंगांची नावंच एक बाजार झाली आहेत. वधूच्या आईचा रंग वराच्या आईच्या रंगाशी मिळता नको, पण फोटोत दोन्ही शेजारी शोभले पाहिजेत. फेटा कापडाच्या विरोधी रंगाचा हवा. शंभर-दीडशे बायकांना पुरेल इतकं कापड एकाच रंगाणीचं मिळायला हवं, कारण दुसऱ्या खेपेचा माल छटेत जरासा इकडेतिकडे होतोच. म्हणून लागोस बेटावरच्या बालोगन बाजारात, इबादानच्या ग्बागी बाजारात चिंधी हातात धरून दुकानामागून दुकानं पालथी घालणाऱ्या बायका दिसतात. यजमानीण रंग ठरवते असं आपण म्हणतो. पुष्कळदा तो घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात काय पडून आहे त्यावरून ठरतो.

त्यातही रंगापेक्षा कापडाची जात कोणती, यावर खर्च ठरतो. मोरपिशी अंकारा आणि मोरपिशी लेस यांत एका बाईच्या महिन्याच्या कमाईचं अंतर असू शकतं. लेस ही तशी योरुबांची नव्हेच. १९६० च्या दशकापासून ऑस्ट्रियातल्या फोरार्लबर्ग भागातल्या, विशेषतः लुस्टेनाऊ गावातल्या कशिदा गिरण्या नायजेरियासाठी मुद्दाम माल काढू लागल्या. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि लेस हीच प्रतिष्ठा झाली. आपल्याकडचं कापडही त्या देशात जातं: मद्रासकडचं 'जॉर्ज' इग्बो आणि नायजर नदीच्या मुखाकडच्या लोकांत मानाचं समजतात. परदेशी कापड वाईट असं नाही. पण ते डॉलरच्या भावावर हलतं. २०२३ च्या मे महिन्यात नायजेरियात पेट्रोलवरचं अनुदान गेलं, जूनमध्ये नायराला बाजारावर सोडलं, आणि वर्षभरात डॉलरच्या तुलनेत नायराची किंमत निम्म्याहूनही खाली आली. २०२४ च्या जुलैत मासिक किमान वेतन ३० हजार नायरांवरून ७० हजार केलं. लागोसच्या श्रीमंत लग्नांतल्या लेसच्या एका संचाला तेवढे पैसे पुरत नाहीत. पगार शाळामास्तरणीचा आणि हप्ता तेल कंपनीतल्या मैत्रिणीनं ठरवलेला, असा तो प्रकार.

आणि पुरुष? इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. वरमंडळी, सख्खे भाऊ, वराचे मित्र यांचा पूर्ण पोशाख एकसारखा असतो, हे खरं. पण पाहुणा म्हणून जाणाऱ्या पुरुषाचं पुष्कळदा नुसत्या टोपीवर भागतं. त्याचा पांढरा अग्बादा, तो घोळदार झगा, कपाटात आहेच. त्यावर त्या दिवसाच्या रंगाची टोपी घातली की तो अशो-एबीत आला. तोच अग्बादा पुढच्या शनिवारी, नुसती टोपी बदलून. बाईचं मात्र नखशिखान्त नवं. तिला तोच पोशाख पुन्हा घालायचा म्हटलं तर त्याचा रंगच सांगतो, हे अमक्याच्या लग्नातलं. मग टोपीवाला म्हणणार, बायका फार खर्च करतात! टोपीवर भागतं हे ज्या समाजाला एका अर्ध्या माणसांच्या बाबतीत कळलं, त्याला दुसऱ्या अर्ध्यांच्या बाबतीत कळायला काय हरकत आहे?

बेताविषयी, म्हणजे शिवण्याच्या पद्धतीविषयी, याहून कमी बोललं जातं. मला तो मुद्दा रंगाइतकाच मोठा वाटतो. योरुबा बाईचा मूळ पोशाख म्हणजे 'इरो', कमरेला गुंडाळायचं लांबरुंद वस्त्र. 'बुबा', सैल बाह्यांचं सैल पोलकं. खांद्यावर किंवा कमरेला 'इपेले'. आणि डोक्याला फेटा. (फेट्याला ते 'गेले' म्हणतात. मराठी कानाला ते विचित्र वाटतं, म्हणून मी फेटाच म्हणते.) या पोशाखाची थोरवी अशी की तो कुठल्याही अंगाला होतो. पोट वाढलं, बाळंतपण झालं, म्हातारपणी अंग उतरलं, तरी इरो तोच राहतो, फक्त गाठ इकडची तिकडे. आईचा लेकीला होतो. बाळाला पाजता येतं. जमिनीवर बसता येतं. आपल्या नऊवारीत किंवा पाचवारीत जे शहाणपण आहे तेच.

पूर्वी सारखं कापड आणि सारखाच बेत असे. आता कापड सारखं, पण प्रत्येकीचा बेत वेगळा, आणि शिवायची अट अशी की तो इतरांपेक्षा उठून दिसला पाहिजे. २०२० नंतर तर काटेकोर पट्ट्या घालून कंबर आवळणाऱ्या चोळ्यांची लाट आली. समाजमाध्यमांवर हजारो फोटो असतात, त्यातला एक शिंपिणीला दाखवायचा आणि तसाच मागायचा. मिळतं ते तसं नसतं, यावर तिथे भरपूर विनोद चालतात. विनोद सोडा, अंगात घट्ट बसवलेला हा पोशाख सहा महिन्यांनी त्याच बाईला होत नाही, तिच्या बहिणीला तर नाहीच. म्हणजे ५ वार कापड एका दिवसासाठी कापलं. शिवाय असा बेत ठरला की पोटुशी, अंगापिंडानं जाड, साठीच्या पुढची, हात हलवून काम करावं लागणारी, या सगळ्या जणी आपोआप मागच्या रांगेत. एक रंग घालून जी समानता आणली ती कात्रीनं पुन्हा कापून टाकली.

जुनं ते सगळं चांगलं आणि नवं ते वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. गुडघ्यापर्यंतचा आखूड इरो आणि आखूड बुबा, हा साठ-सत्तरच्या दशकांतल्या तरुण मुलींचा आवडता बेत. तुंडे केलानी यांचा 'ओ ले कू' हा योरुबा चित्रपट १९९७ मध्ये आला, अकिन्वुमी इशोला यांच्या १९७४ च्या कादंबरीवरून. तो त्या काळातल्या विद्यापीठातल्या मुलामुलींचा. चित्रपट गाजला आणि तो आखूड बेत चित्रपटाच्याच नावानं पुन्हा घरोघर शिवला जाऊ लागला. त्यात पाय दिसले, पण श्वास कोंडला नाही, चालता आलं, नाचता आलं. तरुणपण आणि सोय यांचं वैर असतंच असं नाही.

सारख्या पोशाखाचा एक वेगळाच उपयोग अबेओकुटा शहरातल्या बायकांनी करून दाखवला होता. फुनमिलायो रॅन्सम-कुटी या इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या शिक्षिका. १९३० च्या दशकात त्यांनी सुशिक्षित बायकांचा एक क्लब चालवला. पुढे बाजारातल्या बायका त्यात येऊ लागल्या, त्यांच्यासाठी साक्षरतेचे वर्ग निघाले, आणि १९४६ मध्ये त्या क्लबची 'अबेओकुटा विमेन्स युनियन' झाली. अबेओकुटात १९१८ पासून बायकांवर स्वतंत्र कर होता. इंग्रज सरकार आणि त्याच्या वतीनं कारभार करणारा स्थानिक राजा, 'अलाके', या दोघांच्या विरोधात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या; १९४९ च्या सुरुवातीला अलाकेला गादी सोडून जावं लागलं. या सगळ्या काळात रॅन्सम-कुटींनी इंग्रजी झगे सोडून दिले आणि इरो-बुबा घालायला सुरुवात केली. शिकलेल्या बायकांनीही तोच पोशाख करावा असा त्यांचा आग्रह होता. बाजारातल्या बाईला शेजारच्या बाईकडे पाहून आपण कमी आहोत असं वाटू नये, एवढाच हेतू. बाजारातल्या बायकांनी पैसे जमवून इंग्रजी झगे घ्यावेत असं त्या म्हणाल्या नाहीत. ज्यांच्याकडे जास्त होतं त्यांनी पोशाख बदलला.

त्याच अबेओकुटात 'आदिरे' होतं. कापड बांधून किंवा त्यावर कसाव्याची खळ लावून नक्षी राखायची आणि मग निळीच्या माठात बुडवायचं. रंगवणाऱ्या बायका, विकणाऱ्या बायका. ज्युडिथ बायफील्ड यांनी २००२ मध्ये या रंगारणींचा इतिहास लिहिला, त्याच्या नावातच निळ्या हातांचा उल्लेख आहे. अबेओकुटाच्या इतोकू बाजारात आजही आदिरे मिळतं, आणि निके डेव्हिस-ओकुंडाये यांच्यासारख्या कलावतीनं ही कला मरू नये म्हणून कितीतरी बायकांना ती शिकवली.

टीकाकारांना याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशो-एबीवर असंख्य बायकांची चूल पेटते. कापड विकणारी, शिंपीण, तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली, मणी शिवणारी, फेटा बांधणारी, मेकअप करणारी. २०२० च्या टाळेबंदीत लागोसमधले समारंभ थांबले तेव्हा या सगळ्यांचा शनिवार रिकामा गेला. नाचणाऱ्याच्या अंगावर नोटा उधळणं नायजेरियाच्या २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार गुन्हा आहे. तसा कापडावरही कायदा करावा, असं कुणाला वाटलं तर त्यानं आधी या बायकांकडे जाऊन यावं.

कायद्यानं जे होणार नाही ते रंग ठरवणाऱ्या बाईला मात्र करता येईल. आपल्या गटात सगळ्यात कमी कमावणारी कोण, हे तिला नक्की माहीत असतं. तिच्यापासून मोजायला सुरुवात करावी. कापड चार-सहा महिने आधी सांगावं, म्हणजे आजोचा एक फेरा पूर्ण होतो. घेतलेल्या भावातच द्यावं. कार्याचा खर्च मैत्रिणींच्या कापडातून काढायचा असेल तर तसं सरळ सांगून वर्गणी मागावी, ती तरी जिच्या तिच्या ऐपतीप्रमाणे येते. बेत इरो-बुबाचा ठेवावा. ज्या मुलींना कंबर आवळायची आहे त्यांनी खुशाल आवळावी, पण ती अट नको. जेवणाचं ताट कापड बघून वाढू नये. आणि पुरुषांच्या टोपीइतकाच सोपा पर्याय बायकांना असावा: अंगावर घरचं चांगलं कापड, डोक्यावर त्या दिवसाचा फेटा, आणि एवढं केलेलीला सगळ्यांच्या रांगेतच जागा. फेट्यापुरतं घेणारी ही आज 'न परवडणारी' समजली जाते. टोपीपुरतं घेणाऱ्याला तसं कुणी समजत नाही.

वधूची आई म्हणेल, लोक काय म्हणतील, फोटो कसे येतील. तिच्या या भीतीला मी हसणार नाही. तिच्या पोरीच्या सासरी तिची पत त्या एका दिवशी ठरणार आहे, आणि ती ठरवणारे तिच्या बाजूचे नाहीत. पण फोटोचंच म्हणाल तर त्यालाही उत्तर आहे. निळीचं आदिरे ठरवावं. कुणाकडे आईच्या वेळचं असेल, कुणाकडे गेल्या वर्षी घेतलेलं, कुणी नवं घेईल. माठातली नीळ दर बुडीला वेगळी उतरते, त्यामुळे दोन आदिरे कधी तंतोतंत जुळत नाहीत. नव्यातलं नवंही शेजारणीच्या नव्याशी जुळत नाही. शंभर बायका त्यात ओळीनं बसल्या की सगळा मांडव निळा दिसतो, आणि कुणाचं कापड कुठल्या सालचं हे सांगता येत नाही.